बरोबर उत्तरांना सरावलेला माउस

मित्रांनो, स्वस्थ बसणे माझ्या नशिबातच नाही. मी एक जुना, वायरवाला माउस. खोक्यातून या बाईंच्या टेबलावर आलो, तेव्हापासून सुरू झालेली पळापळ आजतागायत संपलेली नाही. बाई पूर्वी गणित शिकवायच्या. आता शाळांचे ऑनलाइन अभ्यासक्रम मुलांपर्यंत जाण्याआधी तपासतात. उद्दिष्ट स्पष्ट आहे का, धडा पायरीपायरीने पुढे जातो का, सराव पुरेसा आहे का, सगळे पाहतात. "माझा हा उंदीर म्हणजे वाघ आहे," असे माझे कौतुक व्हायचे. मग बिनवायरचा नवा आला आणि माझी रवानगी लेकीच्या खोलीत झाली. नव्याची नवलाई, दुसरे काय!

तिथे मात्र माझा जीव टांगणीला लागला. बाईंनीच उत्तम शेरा देऊन मंजूर केलेला अपूर्णांकांचा धडा लेक सोडवत होती. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. तिने दोन पंचमांश निवडले. लगेच लाल अक्षरे आली, 'चूक. पुन्हा प्रयत्न करा.' का चूक, ते नाहीच. दर चुकीला नवे गणित आणि पुन्हा तेच लाल वाक्य. तिची घामेजलेली बोटे मला उगाचच गरगर फिरवू लागली. मला ओरडावेसे वाटत होते, पण टिकटिक सोडून मला दुसरे काही येत नाही.

"आई, मी ढ आहे. शाळेत सांग, मला गणित नको."

"अगं, मी स्वतः तपासलाय हा धडा! उत्तर बरोबर आलं की किती छान समजावतात."

"बरोबर आलं म्हणजे समजलेलंच असतं ना गं?"

बाईंनी मला हातात घेतले. इतक्या वर्षांत या हाताने माझ्याकडून एकही चुकीचे उत्तर दाबून घेतले नव्हते. चुकणाऱ्या मुलाला काय दिसते, ते त्यांना ठाऊकच नव्हते. आता त्यांनी मुद्दाम चुकीचे उत्तर दाबले. पुन्हा दाबले. मग कामावरच्या साहेबांना फोन लावला.

"मंजुरी मागे घेतेय. हो, चूक माझीच. धडा परत पाठवा."

फोन ठेवून त्या लेकीजवळ बसल्या. "दोन पंचमांश कसं काढलंस?"

"वरचे मिळवले, खालचे मिळवले."

"बरं. मग ते अर्ध्यापेक्षा जास्त झालं की कमी?"

"कमी..." लेक थबकली. "पण मिळवल्यावर कमी कसं होईल?"

माझ्यावरची तिची मूठ सैल झाली.

मित्रांनो, मला खुशाल अडगळीत टाका. पण कुणी चुकले, तर नुसते 'चूक' म्हणून पुढे जाऊ नका. 'कसे काढलेस?' एवढे तरी विचारा.