कायद्यापुरती खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. वालपाराईसोच्या बंदराजवळ, एका चढावर कापडाचे दुकान आहे. त्याच्या माळ्यावर मी पडून असते. माझे चारही पाय अजून भक्कम आहेत. ते झिजावेत इतके माझ्यावर कुणी बसलेच नाही, मित्रांनो.

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवले. पाठ त्याने जराशी कलती ठेवली, बैठक घासून गुळगुळीत केली. "दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांसाठी आहे, कंबरेला आराम पडायला हवा," असे तो बायकोला सांगत होता. ते ऐकून मी अगदी हरखून गेले होते.

दुकानातल्या नोकरांना बसायला जागा द्यावी, असा आमच्याकडे कायदा आहे. म्हणून बेलिसारिओ मालकांनी मला आणले आणि दारातून सहज दिसेल अशा बेताने मांडले. एकदा दुकानात गिऱ्हाईक नव्हते, तेव्हा दोमितिला नावाची विक्रेती माझ्यावर टेकली. मालक गोड आवाजात म्हणाले, "दमलात का बाई? मग उद्यापासून घरीच बसा की." दुसऱ्या दिवसापासून ती दिसली नाही. मग माझ्या वाटेला कोण जाणार? मालकांचा कोट तेवढा माझ्या पाठीवर लटकत असे.

दोमितिलाच्या जागी एर्सिलिया आली. तिचा नवरा बोटीवर खलाशी होता, महिनोन्महिने घरी नसे. तिला दिवस गेले आणि मालकांचे डोके फिरले. ते मेहुण्याला सांगत होते, "गरोदर बाईला काढता येत नाही, कायदा आडवा येतो. पण तीच कंटाळून गेली, तर आपण काय करणार?"

तेव्हापासून वरच्या फळीवरचे जड तागे एर्सिलियाच्याच वाट्याला येऊ लागले. तिचे पाय सुजून बुटांतून बाहेर येत. आपणहून नोकरी सोडली तर बाळंतपणाची भरपगारी रजा बुडणार, हे तिला ठाऊक होते. ती दातावर दात दाबून उभी राही. मी हाताच्या अंतरावर असून नसल्यासारखी. मला माझीच लाज वाटे.

अखेर एके दिवशी सरकारी कामगार खात्याकडून तपासणीचे साहेब आले. चढ चढून त्यांना धाप लागली होती, ते सरळ माझ्यावरच बसले. समोर एर्सिलिया उभी होती आणि तिच्याशेजारी मालक.

"बाई, तुम्हाला बसायला खुर्ची आहे ना?" साहेबांनी विचारले.

बोल गं पोरी, मी मनातल्या मनात म्हणत होते. तिने मालकांकडे पाहिले.

"आहे, साहेब."

"मग प्रश्नच मिटला. छान मजबूत आहे हो," साहेब माझ्या हातावर थोपटत म्हणाले. माझे एवढे कौतुक आजवर कुणी केले नव्हते.

त्याच संध्याकाळी एर्सिलिया ताग्यासकट खाली कोसळली. "अरे, बसवा तिला, खुर्ची घ्या," मालक ओरडले. ती पहिल्यांदा माझ्यावर बसली. माझी बैठक रक्ताने भिजली. तिचे बाळ गेले.

तो डाग काही निघेना, म्हणून मला माळ्यावर टाकले आणि माझ्या जागी नवी खुर्ची आली. काही दिवसांनी फळ्यांच्या फटीतून मालकांचा आवाज ऐकू आला, "आता काही अडचण नाही ना तुझी? ते वरचे तागे आवरायला घे." त्यावर एर्सिलिया "हो, मालक," एवढेच म्हणाली. आजही खाली ती उभीच आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी मालक होईल, कुणी साहेब. दुकानात खुर्ची दिसली म्हणून माघारी फिरू नका. उभ्या असलेल्या बाईला बाजूला न्या, मालकाच्या नजरेआड न्या. तिला आधी बसवा. मग विचारा.