जाड सुई

तपासणी केंद्रात सकाळी सहापासून लोकांच्या दंडाला रबर बांधून रक्त काढायचं, हे तिचं काम. दुपारी तीनला सुटली तेव्हा पाय गळून गेले होते. पण घरी जाण्याआधी सासऱ्यांच्या रेकॉर्ड प्लेअरसाठी नवं कार्ट्रिज बघायचं होतं. कार्ट्रिज म्हणजे दांडीच्या टोकाला बसणारी, सुई असलेली चिमुकली डबी. दांडीचं टोक वेगळं काढता यायचं. तेच ती रुमालात बांधून घेऊन आली होती.

वर्षभरात मोडलेली ही तिसरी सुई. शेवटची नणंदेने पाठवलेली, केसासारखी बारीक. ती अकरा दिवस टिकली. सासरे पाणीपुरवठा खात्यात आरेखक होते. पट्टीशिवाय सरळ रेघ ओढण्याबद्दल त्यांचं नाव होतं. आता त्यांचा हात कापायचा. दांडी उचलून तबकडीवर ठेवायला गेले की सुई आडवी फरफटायची. नवरा कामाच्या गावी, रविवारपुरता घरी. नणंद फोनवरून सांगायची, बाबांना हात लावू देऊ नकोस, तूच लावून देत जा, दोन मिनिटांचं तर काम. आणि आणशील ती सगळ्यात भारी आण. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? औषधाच्या गोळ्या, डोळ्यांतले थेंब, शर्टाची बटणं, सगळी दोन-दोन मिनिटांचीच कामं होती. त्यात तबकडीची एक बाजू वीस मिनिटांत संपायची.

दुरुस्तीवाल्याचं दुकान जिन्याखाली होतं. म्हातारा होता, चष्मा कपाळावर. त्याने मोडकी सुई भिंगाखाली धरली आणि कापडावर तीन डब्या मांडल्या. पहिलीचा आवाज काचेसारखा स्वच्छ, पण ती फुंकरीलाही भिते. दुसरी मधली. तिसरीकडे त्याने नुसतं बोट केलं. ती नाचगाण्याच्या ठिकाणी वापरतात, म्हणाला. तिने मुकाट्याने पहिलीकडे हात नेला.

"लावतं कोण?" त्याने विचारलं.

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिने सगळं सांगितलं. सांगता सांगता ती स्टुलावर बसली, सकाळपासून पहिल्यांदाच.

"मग ही तिसरी न्या," तो म्हणाला. "जाड सुई आहे. आपटली तरी मोडायची नाही. पण दाब जास्त लागतो हिला. तबकड्या झिजतील."

"किती दिवसांत?"

"रोज त्याच त्या लावल्या, तर चार-पाच वर्षं."

सासरे त्र्याऐंशीचे होते. तिने मनातल्या मनात बेरीज केली, आणि केल्याबरोबर तिला स्वतःचीच लाज वाटली.

"चालेल," ती म्हणाली.

त्याने बारीक स्क्रू पिळून डबी टोकाला बसवली आणि दांडीमागचं वजन किती फिरवायचं ते कागदावर काढून दिलं.

घरी सासरे खुर्ची ओढून तयारच बसले होते. "दिवसभर लोकांना सुया, घरी आलीस की मला सुई," असं म्हणून ते स्वतःच हसले. तिलाही थोडं हसू आलं. तिने टोक दांडीला बसवलं, कागदाबरहुकूम वजन फिरवलं आणि बाजूला झाली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"तू नाही लावत?"

"तुम्हीच लावा, बाबा."

पहिल्यांदा सुई काठावरून घसरली. दुसऱ्यांदा असा करकराट झाला की तिच्या अंगावर काटा आला, पण ती जागची हलली नाही. तिसऱ्यांदा सुई बसली. सासऱ्यांनी मान कलती करून ऐकलं.

"आवाज जाड झालाय."

कान अजून शाबूत होते त्यांचे. मग तिने काही लपवलं नाही. सुई दणकट आहे, पण तबकड्या झिजणार, म्हणून सांगितलं. किती टिकतील, असं त्यांनी विचारलं. दुरुस्तीवाला चार-पाच वर्षं म्हणाला, एवढंच ती बोलली. त्यांनी फिरत्या तबकडीकडे पाहिलं.

"पुष्कळ झाली," ते म्हणाले.

तिला त्यांच्याकडे बघवेना. चहा टाकते, असं म्हणून ती आत वळली, पण स्वयंपाकघरापर्यंत गेलीच नाही. वाटेतल्या पलंगावर जरा टेकली आणि तशीच, पर्स खांद्याला असतानाच, तिचा डोळा लागला.

फोन वाजला तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. बाहेरच्या खोलीत सासरे लेकीशी हळू आवाजात बोलत होते. भारी आणली का, असं नणंदेने विचारलं असावं, कारण ते म्हणाले, "माझ्या हाताला झेपेल अशी आणलीय. तिला आता उठवत नाही, झोपलीय ती."

फोन ठेवल्याचा आवाज आला. मग एक खरखर, थोडी शांतता, परत खरखर, आणि दुसरी बाजू सुरू झाली. उठून बघावं, असं एकदा तिच्या मनात आलं. तिने पर्स खांद्यावरून काढून खाली ठेवली आणि कूस बदलली.