थोडं भांडण राहू द्या

"म्हंजी माझंच रक्त त्याला खाऊन राह्यलंय का, मॅडम?" सोनूबाईने विचारलं.

डॉक्टर शीतल यांनी कडूबाच्या तळहातावरचं लाल पुरळ पाहिलं आणि हात अलगद खाली ठेवला.

कडूबा शहागडजवळच्या एका गावचा कोतवाल. हलगी वाजवत गावभर सरकारी दवंडी द्यायची, ही त्याची नोकरी. आवाज असा, की ग्रामसभा पुकारली तर गोदावरीपलीकडचे लोकही चुकून हजर होत. त्याला रक्ताचा कॅन्सर झाला आणि त्याच्या अंगात घालायला थोरल्या बहिणीची, सोनूबाईची, अस्थिमज्जा तंतोतंत जुळली. गावाला नवल वाटलं, कारण त्याआधी कित्येक वर्षं दोघांचं काहीच जुळलं नव्हतं.

त्याचं कारणही दवंडीच. सोनूबाई त्याच गावात दिलेली. तिचा गोठा गायरानात निघाला. तो काढून घ्यावा, ही दवंडी कडूबाने तिच्याच दारात दिली. तीही नेहमीपेक्षा जरा मोठ्याने, बहिणीला सूट दिली असं कोणी म्हणायला नको म्हणून. गोठा गेला, त्याच्यामागे बोलणंही गेलं.

"तुमचा दोष नाही, मावशी," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या पेशी यांच्या अंगात नव्या आहेत. त्यांना सगळं परकं वाटतं. मग त्या एक रसायन सोडतात, सायटोकाईन म्हणतात त्याला. तो निरोप पोचला की बाकीच्या धावून येतात आणि कातडीवर, आतड्यावर तुटून पडतात."

"दवंडी," कडूबा खाटेवरून पुटपुटला.

"बरोबर. पण खोटी."

"माझी खरी व्हती. वरून कागद आल्ता."

"झोप गुमान," सोनूबाई म्हणाली.

दवाखान्याजवळ पाहिजे म्हणून कडूबासाठी शहरातल्या मस्तगडात खोली घेतली होती. तिथे सोनूबाईने भावजयीजवळ, चतुराबाईजवळ, मन मोकळं केलं.

"राग माझ्या हाडात मुरलेला. अन् त्यांनी हाडातलंच काढलं की गं."

"मंग आक्का, सोडून द्या ना राग," चतुराबाई पाणी उकळता उकळता म्हणाली. "बघू तरी."

यात शास्त्राची चूक होती, पण ती दाखवायला खोलीत कोणी नव्हतं. सोनूबाई उठून भावाच्या उशाशी उभी राहिली.

"कडू, गोठ्याचं सोडलं म्या. समदं."

कडूबाने दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले.

"तसंच हाय, आक्का."

दुसऱ्या दिवशी जुलाब वाढले, अंगातलं पाणी गेलं, डोळे खोल गेले. परत भरती करावं लागलं. डॉक्टरांनी ते निरोप अडवणारं औषध चालू केलं.

"बिलकुल बंद करा ती दवंडी," सोनूबाई हात जोडून म्हणाली.

"पूर्ण नाही बंद करायची, मावशी. कॅन्सरच्या एखाद-दोन पेशी कुठे लपल्या असतील, तर त्यांना तुमच्याच पेशी धरणार. थोडं भांडण राहू द्यायचं."

सोनूबाईने जोडलेले हात खाली घेतले.

"थोडं म्हंजी किती?"

"ते आम्ही औषधाने बघतो."

पण सगळंच डॉक्टरवर सोपवणाऱ्यातली सोनूबाई नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती पेजेच्या वाटीबरोबर एक टोमणा देऊ लागली. "गोठा मोडला तव्हा लई जोर व्हता नरड्यात. पी आता." कडूबा पेज पिई आणि टोमणाही गिळी. हळूहळू पुरळ उतरलं, जुलाब थांबले. डॉक्टरांना औषधाचा गुण आला असं वाटलं. सोनूबाईने त्यांना दुखवलं नाही.

तोंडातली लाळ मात्र परत आली नाही. त्या दंग्यात ते झरेही मोडले होते, म्हणे. दोन शब्द बोलायला कडूबाला घोटभर पाणी लागायचं.

वर्षभराने तो कामावर आला. ग्रामसभेच्या दवंडीला हलगी त्याने वाजवली, पण तोंडातून आला तो नुसता वाळल्या पाचटाचा आवाज. बाया दारात येऊन बघू लागल्या. सोनूबाई पाण्याची बाटली घेऊन मागेच होती. तिने बाटली त्याच्या हातात दिली आणि पदर खोचला.

"ऐका हो! सोमवारी ग्रामसभा हाय! समद्यांनी यावं!"

आवाज खानदानीच होता. अख्खं गाव दोघांनी असंच केलं. शेवटी गायरानाकडचा रस्ता आला. तिथे गोठ्याच्या मेढींचे खड्डे अजून बुजले नव्हते. सोनूबाई गप्प झाली. कडूबाने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने हलगीच्या कातड्यावर तळहात पालथा ठेवला आणि दोघं तेवढा रस्ता तसेच चालत गेले.

त्या बाजूच्या घरांतून सोमवारी ग्रामसभेला कोणीच आलं नाही.