दुखायचं थांबलं तेव्हा

मित्रांनो, लेसर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लोखंड कापणारा किरण उभा राहतो ना? मग माझी गंमत ऐका. मी एक जुना, अगदी मवाळ लेसर आहे. माझ्या उजेडाने साधा कागदही जळत नाही. तो उजेड कुणाला दिसत नाही आणि कातडीला जाणवत नाही. माझ्या पेटीला वायरने जोडलेल्या पेनासारख्या दांडीच्या टोकाला लाल दिवा लुकलुकतो, तो फक्त मी चालू आहे हे सांगायला. तरी माझ्यासमोर बसताना सगळ्यांनी हिरवा चष्मा लावायचा असतो, कारण डोळ्यांना मात्र मी चांगला नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. भिंगातून बघत एका कामगार बाईने साखरेच्या दाण्याहून लहान तुकडा चिमट्याने माझ्या दांडीत बसवला. तोच माझा जीव. तिने माझा उजेड मापून पाहिला, पाठीवर धोक्याची पिवळी चिठ्ठी चिकटवली आणि मला फोममध्ये निजवलं. जाग आली ती फिजिओथेरपिस्ट मॅडमच्या दवाखान्यात. जिना चढून वर दोन खोल्या, शेकायच्या पिशव्या गरम करायची टाकी, भिंतीला टांगलेल्या रबरी पट्ट्या. माझी जागा खिडकीजवळ, चाकांच्या टेबलावर होती.

सुरुवातीची वर्षं मी मन लावून काम केलं. कुणाची आखडलेली मान, कुणाची टाच, एका रंगाऱ्याचं कोपर. सगळ्यांनाच गुण यायचा असं नाही. मॅडम माझ्या जोडीला व्यायाम शिकवायच्या, बसायचं कसं ते दाखवायच्या, पेशंटची बडबडही ऐकून घ्यायच्या. बरं वाटलं की कौतुक मात्र माझं! "जादूची कांडी आहे हो ही," म्हणत लोक मला थोपटायचे. माझ्या अंगात हाडामांसाचा पत्ता नाही, तरी मूठभर मांस चढायचं.

अशातच शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या. त्या आणि त्यांची धाकटी जाऊ मिळून शिवणाचं दुकान चालवायच्या. मशीन धाकटीकडे; काजं, तुरपाई, मणीकाम मावशींकडे. त्यांचा उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं मुंग्या येऊन ठणकायची. झोपेतून उठून हात झटकावा लागायचा. मनगटात नस दाबली जातेय, कदाचित छोटं ऑपरेशन लागेल, असं मॅडमनी सांगितलं.

"ह्या हाताला सुरी लावू द्यायची नाही मी," मावशी म्हणाल्या. "ह्याच बोटांवर आमचं दुकान उभं आहे."

"बरं, महिनाभर लेसर आणि मनगटाचा पट्टा करून बघू. फरक नाही पडला, तर नसेची तपासणी आणि मग सर्जन. कबूल?"

"कबूल!"

आणि फरक पडला. महिना सरायच्या आत ठणका गेला. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. हे तर धावत गेलं. तेव्हाच कुणाच्या तरी मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण सर्जनचं नाव मागे पडलं. मावशींनी माझ्यासाठी हाताने शिवून निळं कव्हर आणलं. त्याची तुरपाई वेडीवाकडी होती. एवढ्या कसबी बाईचे टाके असे कसे, हे त्या कव्हराखाली बसून मी रोज पाहत होतो. पाहत होतो आणि खूश होतो. आज त्याची फार लाज वाटते.

दुखणं परत येऊ नये म्हणून पुढे कितीतरी महिने मावशी येत राहिल्या. मॅडम विचारायच्या, "दुखतं का?" मावशी म्हणायच्या, "अजिबात नाही!" मी टीं वाजवायचो आणि सगळे हसायचे.

एक दिवस दोघी जावा दुकानातून तशाच आल्या. मावशींनी माझ्यासमोर हात ठेवला आणि धाकटी ओरडली, "अहो ताई, बोटात टाचणी!"

खरंच, मावशींच्या बोटात टाचणी रुतून लोंबत होती. जिना चढून आल्या तरी त्यांना पत्ता नव्हता. मावशींनी ती उपटली आणि हसल्या. "बघा मॅडम, आता टाचणीसुद्धा दुखत नाही. एवढा गुण आलाय!"

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी मला बंद केलं. मावशींना डोळे मिटायला सांगून त्यांच्या चिमटीत एक बटण ठेवलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

मावशी वाट पाहत राहिल्या. "अहो, द्या की हातात," त्या म्हणाल्या.

धाकटीने तोंडाला पदर लावला.

"मावशी, डोळे उघडा," मॅडम म्हणाल्या. "दुखणं बरं झालं नाही. दुखतंय म्हणून सांगणारी नसच गप्प झालीये. मी दर वेळी दुखतं का विचारलं. कळतं का, हे विचारलंच नाही. माझं चुकलं."

मॅडमना निदान बोलता तरी आलं. मला टीं करण्यापलीकडे काही येत नाही.

ऑपरेशन लगेच झालं. लवकर आला असतात तर बरं झालं असतं, एवढंच सर्जन म्हणाले. मावशींना आता चिमूट धरता येते, पण बोटांचं कळणं पुरतं परतलं नाही. हातशिलाई धाकटी शिकली. मावशी कापड बेततात. मॅडम आता प्रत्येकाला डोळे मिटायला सांगून, कापसाने बोटं तपासूनच मला हात लावतात. बरेचदा मी कोपऱ्यातच असतो, आणि ते बरंच आहे.

मावशी अजून व्यायामाला येतात. परवा एका घाबरलेल्या नव्या पेशंटला सांगत होत्या, "काळजी करू नका हो, ह्याने माझा ठणका महिन्यात पळवला!" आणि त्यांनी मायेने माझ्या पाठीवर बोटं ठेवली. त्या दिवशी मात्र सकाळपासून चालून माझी पाठ तापली होती. मला त्यांचा हात झटकून टाकावासा वाटला. धाकटीनेच तो पटकन उचलला. "तापलंय ते, ताई." मावशी आपल्या बोटांकडे बघत राहिल्या.

मित्रांनो, मला पुसा, माझी वायर पिळू नका, माझा उजेड वेळच्या वेळी मापून घ्या. पण माझं कौतुक जरा बेतानेच करा. तुमच्या घरात कुणी दुखण्याने हैराण असेल आणि एके दिवशी "आता दुखत नाही" म्हणालं, तर टाळ्या वाजवण्याआधी त्यांचा हात हातात घ्या. डोळे मिटायला सांगा आणि विचारा, "सांगा बघू, मी कुठलं बोट धरलंय?"