कौतुक करणारा पाहुणा

पाहुणा निकोराने स्वतःच घरी आणला होता, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. शाळेची मुलं सोडून तो रिकामी बस घेऊन परतत होता, तेव्हा खाडीच्या वळणावर एक उंच, उन्हाने लालबुंद झालेला पोरगा उभा दिसला. पाठीवर घराएवढी पिशवी आणि वर भरून आलेलं आभाळ. त्याला तसाच टाकून आलो हे पिरिहिरा मावशीला कळलं असतं, तर तिने निकोरालाच रात्रभर वळणावर उभं केलं असतं.

पोरगा ऑस्ट्रियाचा, नाव फ्लोरियान. त्याच्या देशाला समुद्र नाही आणि त्याला ‘खऱ्या माओरी घरात’ राहायचं होतं.

“आमचं खरंच आहे,” निकोरा म्हणाला. “छप्पर गळतं, म्हणजे खरंच असणार.”

मावशी दारातच होती. निकोराच्या आईमागे तिनेच त्याला वाढवलेलं. घर तिचं, घरातलं सगळं तिचं, आणि शेवटचा शब्दही तिचाच. फ्लोरियानने प्रवासाच्या पुस्तकात वाचल्याप्रमाणे नमस्कार म्हणून तिच्या नाकाला नाक टेकवलं, जरा जास्तच वेळ. मग त्याने स्वयंपाकघरभर नजर फिरवली आणि पुस्तकातली पुढची सूचना पाळली: यजमानांच्या वस्तूंचं मोकळेपणाने कौतुक करा.

“किती सुंदर किटली!”

“तुझी झाली, बाळा,” मावशी म्हणाली आणि उरलेलं पाणी ओतून तिने किटली त्याच्या हातात दिली.

निकोराची बायको हुरिया हातात चहाचे कप घेऊन उभीच राहिली.

रीत जुनी होती. पाहुण्याच्या तोंडून ज्या वस्तूचं कौतुक निघालं ती पाहुण्याची. हल्ली किनाऱ्यावर ही रीत कोणी पाळत नव्हतं, पण ‘कोणी पाळत नाही’ हे न पाळण्याचं कारण कसं होऊ शकतं, हे मावशीला आजवर कोणी पटवू शकलेलं नव्हतं.

फ्लोरियान भारावला. माणूस भारावला की आणखी कौतुक करतो. जेवणापर्यंत त्याला पलंगावरचं विणलेलं पांघरूण, हुरियाचा तवा आणि एक जिवंत कोंबडा मिळाला होता. पिशवीचं वजन कमी व्हावं म्हणून त्याने दात घासायच्या ब्रशची दांडी कापून टाकली होती. आता त्याच पिशवीशेजारी कोंबडा बांधलेला होता.

निकोराला कोंबड्याचं दुःख नव्हतं. त्याचं काळीज खिडकीत अडकलं होतं. खिडकीतून किनारा दिसे आणि किनाऱ्यावर होडी. पत्र्याची, पोचे पडलेली, पण तिचं इंजिन निकोराने दोन हिवाळे खपून, जुने सुटे भाग जमवून उभं केलं होतं. शिवाय नदीच्या मुखाशी कहवाई माशांचा थवा लागला होता. होडी होती म्हणून खाडीवर निकोराला मान होता. होडी गेली की उरणार होता फक्त बसचा ड्रायव्हर. आणि होडीही मावशीच्याच मालकीची.

तो जेवण होईपर्यंत खिडकीला पाठ लावून उभा राहिला.

“बस की रे,” मावशी म्हणाली.

“पाठ धरलीये.”

समोर डुकराचं मटण, रताळी, पालेभाजी आणि तळलेला पाव होता. फ्लोरियानने तोंड उघडलं की निकोरा आधीच बोले. “पाव कडक झालाय. रताळी किडकी आहेत. समुद्र? खारट आहे नुसता.”

फ्लोरियानने काटा खाली ठेवला. त्याचे डोळे पाणावले होते. “मी याबद्दल वाचलंय,” तो हळुवारपणे म्हणाला. “तुमच्या लोकांवर इतका अन्याय झालाय, की तुम्हाला स्वतःचं काहीच चांगलं वाटत नाही.”

हुरिया हसू दाबायला ओट्याकडे पळाली.

अंधार पडायच्या आत निकोराने जुनी जाळी आणि फाटकी ताडपत्री टाकून होडी झाकली, वर शेवाळ पसरलं. लांबून पाहिलं तर मेलेला देवमासा वाटावा. समाधानाने तो झोपायला गेला.

एवढंच त्याचं चुकलं. ऑस्ट्रियाच्या माणसाला मेलेला देवमासा दिसला तर तो सकाळी उठून पहिल्यांदा तिकडेच जाणार, हे त्याला सुचलं नाही.

“काय देखणी होडी आहे!” सकाळी किनाऱ्यावरून आरोळी आली.

“तुझीच रे, बाळा!” ओसरीवरून मावशी ओरडली.

निकोरा अनवाणी धावला. धावता धावताच त्याला तोड सुचली. नियम सगळ्यांना सारखाच. होडी आता फ्लोरियानची, म्हणजे कौतुक करायची पाळी निकोराची. तो धापा टाकत होडीजवळ पोचला आणि जमेल तितकं गोड हसून म्हणाला, “फ्लोरियान, तुझी होडी काय सुंदर आहे रे!”

“थँक यू!” फ्लोरियान म्हणाला. “मलाही फार आवडते.”

निकोरा वाट बघत राहिला. पुढे काहीच झालं नाही.

“त्यांच्याकडे कौतुकाला नुसतं ‘थँक यू’ म्हणतात,” मागून हुरिया म्हणाली. “स्वस्तात सुटतात बघ.”

पण मावशी सुटू देणाऱ्यांतली नव्हती. “होडीवाला घरी बसत नाही,” तिने फ्लोरियानला सांगितलं. “मासे आलेत. नीघ.”

इंजिन फक्त निकोरालाच चालू करता येई, म्हणून तोही निघाला; स्वतःच्या होडीत, नोकर म्हणून. फ्लोरियान दोनदा ओकला. पहिला मासा हाती लागला तेव्हा तो आनंदाने ओरडला, तर निकोराने तो मासा काढून परत पाण्यात सोडला.

“असं का?”

“पहिला समुद्राचा.”

“आणि दुसरा माझा?”

“दुसरा म्हाताऱ्यांचा.”

किनाऱ्यावर माणसं आधीच जमली होती. आजारी आजोबांचा वाटा निघाला, बाळंतिणीचा निघाला, चर्चमधल्या पाद्र्याचा निघाला, आणि पाद्र्याशी भांडण असलेल्या रुआ म्हातारीला पाद्र्याहून मोठा मासा द्यावा लागला. माशांची पेटी धुऊन ठेवण्याइतकी रिकामी झाली.

“मग होडीवाल्याला काय?” फ्लोरियानने विचारलं.

“मान,” निकोरा म्हणाला.

मान दुपारभर मिळत राहिला. एकाला पैलतीरी सोडायचं होतं. दुसऱ्याची मेंढी खडकावर अडकली होती. लग्नघरची माणसं शनिवारच्या जेवणासाठी किती मासे लागतील ते सांगून गेली. देशील का, असं कोणी विचारलं नाही. संध्याकाळी फ्लोरियान तळहातांवरचे फोड घेऊन स्वयंपाकघरात आला, तेव्हा तो कशाकडेही बघत नव्हता. कपाकडेसुद्धा नाही.

“निकोरा, ती होडी तुम्हीच घ्या. मनापासून देतो.”

निकोराने दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. फोडांचं भान राहिलं नाही.

“घेतलीस?” मावशीने विचारलं. “आता परतफेड कर. घेतलं त्याहून मोठी.”

“मावशी, ती माझीच होती की!”

“होती माझी. मग त्याची झाली. त्याने तुला दिली. यात तुझी कधी होती?”

निकोराने घरभर नजर फिरवली. होडीहून मोठं घरात फक्त घरच होतं, आणि फ्लोरियान चुकून छताकडे बघत होता.

“होडीहून मोठं आपल्याकडे एकच आहे,” मावशी सावकाश म्हणाली. “नातं. आजपासून हा तुझा पुतण्या.”

निकोराने सुटकेचा श्वास सोडला. नात्याला इंजिन लागत नाही, नातं किनाऱ्यावरून हलवावं लागत नाही. त्याने नव्या पुतण्याच्या नाकाला नाक टेकवलं. फ्लोरियान हमसून हमसून रडला. याच्यासाठीच तर तो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून आला होता. आता मिळालेल्या वस्तू परत केल्या तरी कोणाचा अपमान होणार नव्हता. घरातलं घरातच राहणार होतं. किटली पुन्हा चुलीवर चढली. कोंबडाही सुटला.

सकाळी निकोरा शीळ घालत, खांद्यावर जाळं टाकून किनाऱ्यावर गेला. वाळूत होडी ओढत नेल्याची सरळ खूण होती आणि ती पाण्यात संपत होती. लांब नदीच्या मुखाकडून इंजिनाचा ओळखीचा खोकला ऐकू येत होता; काल दिवसभर बघून फ्लोरियान ते चालू करायला शिकला होता.

“मावशी!” तो ओरडला. “अगं, त्याने विचारलंसुद्धा नाही! होडी छान आहे एवढंही म्हणाला नाही!”

मावशी ओसरीवर चहा पीत होती. “कौतुक पाहुण्याने करायचं असतं,” ती म्हणाली. “पुतण्या नुसता घेऊन जातो.”

लांबवरचा खोकला तीनदा अडखळला आणि बंद पडला. ओहोटी लागली होती. होडी हळूहळू मोकळ्या समुद्राकडे सरकायला लागली आणि तिच्यातला उंच माणूस उभा राहून दोन्ही हात हलवायला लागला.

शेजारी, पलीकडच्या कुंपणापाशी, पाओराची नवी कोरी होडी उभी होती. पाओरा निकोराचा चुलतभाऊ. निकोराने तिला खांदा लावला आणि पाण्यात ढकललं.

“ए! कुठे नेतोस रे ती?” घरातून पाओराची बोंब आली.

निकोराने मागे वळून पाहिलं नाही.