खेकड्यावरचा नवरदेव

भाताच्या दाण्यात दूध भरलं की कळंबची शाळा ओस पडायची. पोरं सगळी शेतात, बांबूच्या उंच माळ्यावर बसून पाखरं राखायला. दरसाल आबाजी मास्तर रिकाम्या वर्गात चरफडत बसायचे. त्या साली मात्र त्यांनी पोरांना बजावलं, "नुसतं हाड हाड काय ओरडता? कविता ओरडा! एका माळ्यानं एक ओळ, पुढची पुढच्यानं. येतात त्या संपल्या तर नव्या रचा."

येसाजीला हे कळलं तेव्हा तो हसून बेजार झाला. "आता पोपटांची शाळा काढा! मास्तर अर्धा येडा होता, आता पुरा झाला." त्याची नऊ वर्षांची गोदाही माळ्यावर असायची. पोरीला वाचायचं भारी वेड. पुडीचा कागददेखील वाचल्याबिगर चुलीत जाऊ द्यायची नाही. पण कापणी झाली की तिची शाळा बंद, असं येसाजीनं बायकोला, बायजाला, सांगून टाकलं होतं. गोदानं ते ऐकलं आणि त्या दिवशी जेवताना मान वर केली नाही.

थोड्याच दिवसांत सगळ्या शिवारात एकच कविता घुमायला लागली. सदूच्या माळ्यावरून यायचं, "बेडूक निघाला लग्नाला!" मग गोदा, "खेकडा मिळाला घोडा त्याला!" मग पोशा, "मांडव राहिला समोर उभा!" आणि पार ओढ्याकाठची ठमी, "घोडा तिरका तिरका गेला!" पोपट भर्रकन उठायचे. येसाजी बांधावर गवत कापता कापता नाक मुरडायचा, पण विळा मात्र कवितेच्या ठेक्यात चालायचा.

रोज नवं कडवं. नवरी पाटावर बसली, पंगतीतलं जेवण गार झालं, वऱ्हाडी पेंगले. नवरदेव आपला तिरकाच.

मग गोदाला ताप भरला आणि येसाजीला स्वतः माळ्यावर चढावं लागलं. सदूची ओळ आली. येसाजीनं "हाड हाड" केलं, गोफण फिरवली.

"येसाकाका, ओळ म्हणा की! पोशा खोळंबलाय!"

"मला नाय येत रं असलं काय!"

येत नाय म्हणे! तेवढ्यात पोपटांचा थवा भातावर उतरला. येसाजीनं इकडंतिकडं पाहिलं, कुणी मोठं माणूस जवळपास नाही याची खात्री केली आणि घसा फोडून ओरडला, "खेकडा मिळाला घोडा त्याला!"

पोशानं ओळ उचलली. येसाजीनं प्रत्येक कडव्यातली आपली ओळ म्हटली, एकदाही न अडखळता. पण पेंगणाऱ्या वऱ्हाड्यांपाशी कविता थांबली.

"पुढं काय रं, सदू?"

"पुढचं अजून आलंच नाय, काका."

झालं! येसाजीच्या जिवाला चैन पडेना. संध्याकाळी गडी मास्तरांच्या दारात हजर. "मास्तर, त्यो नवरदेव पोचला का नाय? पुस्तकात काय लिवलंय?"

"पुस्तकातलं नाही रे ते," मास्तर म्हणाले. "तुझ्या गोदानं रचलंय सगळं. शेवट तिलाच विचार."

येसाजी ओट्यावर टेकला. आपल्या पोरीचे शब्द सगळं शिवार बोलत होतं आणि आपण तिला घरी बसवायला निघालो होतो! त्याचा ऊर भरून आला आणि त्याला लाजही वाटली. मास्तरांना रामराम करायचाही विसरून तो घरी आला.

ताप उतरला होता. गोदा अंगावर गोधडी घेऊन पेज पीत होती. येसाजी जवळ बसला, जरा खाकरला.

"काय गं, पोचतो का त्यो मांडवात?"

गोदानं वाटी खाली ठेवली. चेहरा अगदी भोळा. "तेच सुचत नाय, बाबा. शाळेत बसलं की सुचतं. पण कापणीनंतर शाळा बंद हाय ना?"

चुलीपुढं बायजानं तोंडाला पदर लावला.

येसाजीनं एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा पोरीकडं. "जा बाई, जा शाळेत. कापणी झाली की रोज जा," तो म्हणाला. "पण त्याला आधी त्या खेकड्यावरनं खाली उतरव. ती बिचारी पाटावर बसून राहिलीय गं!"