मोनिका नाव कोणत्या फुलाला

कॅनडात आयरिस या कंदाच्या फुलझाडाच्या नव्या जाती तयार करणाऱ्या सिरिलने खाडीकाठच्या बाळकुमला राहणाऱ्या बहिणीला, डोरिसला, दोन फुलांचे फोटो पाठवले. त्यातल्या एकाला वारलेल्या आईचं, मोनिकाचं, नाव द्यायचं आणि त्याचा कंद डोरिसच्याच अंगणात लावायचा, असं त्याच्या मनात होतं. एक जांभळं होतं, एक मातकट; जांभळं त्याने ठरवूनही टाकलं होतं.

डोरिसने फोटोंकडे नीट पाहिलंही नाही. फोनवर म्हणाली, "दोघांचे आईबाप सांग."

जांभळं. आई: बर्फाळ डोंगरातली. बाप: तसलाच, हिवाळाभर गारठल्याशिवाय न फुलणारा.

मातकट. आई: दलदलीतली. बाप: उष्ण, दमट खाडीकाठचा.

"मग मातकटाला दे नाव."

"बाय, वेडी झालीस का? आई काय अशी मळकी दिसायची?"

"तुझं जांभळं इथे जुलैत कुजणार. आईच्या नावाची पाटी मी चिखलातून उपटून काढू?"

सिरिल कुरकुरला, "फोटोत तरी बरं दिसायला हवं ना गं."

"फोटो तू बघत बस. पाणी मला घालायचंय."

संध्याकाळी त्याचा मेसेज आला, मातकट फुलाचं नाव मोनिका. डोरिसने कुदळ घेतली आणि नळाजवळची ओली जागा खणायला लागली.